पैलवानाच्या मांडीतल्या नव्या पेशी

नाशिक रोडहून देवळालीमार्गे भगूरला गेलं की बलकवडे व्यायामशाळा लागते. अकोले तालुक्यातला हर्षवर्धन सदगीर इथे शिकला आणि २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा त्यानं नाशिकला मिळवून दिली. या गदेची कुस्ती ८६ ते १२५ किलोच्या गटात होते. म्हणून जोर-बैठकांइतकाच खुराकही महत्त्वाचा: दूध, तूप, बदामाची थंडाई. वजन इथे कष्टानं कमवावं लागतं. पण कुस्ती सुटल्यावर ते उतरवायचं म्हटलं तर अनेकांना जड जातं. असं का व्हावं?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २८ जणांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलं. पोटावरच्या चरबीपेशी फुगल्या. मांड्यांत मात्र निराळंच घडलं. कमरेखाली साधारण १.६ किलो चरबी वाढली, तेवढ्यात तिथे सुमारे २६० कोटी नव्या पेशी जन्मल्या. दोन महिन्यांत! माणूस तोच, ताट तेच, आणि शरीराच्या दोन भागांच्या दोन तऱ्हा.

या पेशी पुढे जातात कुठे? स्वीडनमध्ये कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या गटानं २००८ मध्ये याचा छडा लावला, तोही शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांच्या आधारानं. तेव्हा हवेत मिसळलेला किरणोत्सारी कार्बन अन्नातून माणसांच्या पेशींत उतरला होता. त्यावरून पेशीचं वय काढता येतं. दिसलं असं, की दरवर्षी सुमारे दहा टक्के चरबीपेशी मरतात आणि जवळपास तितक्याच नव्या येतात. शस्त्रक्रियेनंतर भरपूर वजन उतरलेल्यांतही दोन वर्षांनी पेशींची संख्या तेवढीच होती. कणग्या रित्या झाल्या, मोडल्या नाहीत. आकसलेल्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक कमी सोडतात. मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो, भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आवरता घेतो. अशा वेळी माजी पैलवानाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यात प्रत्येकाचा हिशेब वेगळा. कॅनडात क्लॉड बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० कॅलरी जादा दिल्या. कुणाचं वजन चार किलोंनी वाढलं, कुणाचं तेरा. पण जुळ्या भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळत होती. म्हणजे एकाच वस्तादाच्या हाताखाली तोच खुराक खाणाऱ्या दोन पोरांपैकी कुणाच्या अंगी किती लागणार, हे पुष्कळसं जन्मापासूनच ठरलेलं असतं.