बंदा रुपया आणि त्याचे संग्राहक

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर, चोपड्यांच्या शेजारी, वर्षातून एकदाच डबीबाहेर येणारा राणीछाप रुपया पुष्कळ घरांत अजून पूजिला जातो. परंतु पूजेपूर्वी तो चिंचेने घासून लखलखीत करण्याचा परिपाठ असा काही रूढ आहे, की शंभर-दीडशे वर्षांत चांदीवर चढलेली श्यामल झिलई घटकाभरात नाहीशी होते. संग्राहकाच्या दृष्टीने हा प्रकार म्हणजे जुन्या दफ्तरातील कागद धुऊन स्वच्छ करण्याजोगाच होय.

मराठ्यांच्या अमदानीत रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, सुरती अशी नाणी पेठेत एकत्र नांदत, त्यांच्यावर बहुधा दिल्लीच्या पातशहाचेच नाव असे, आणि ठसा मोठा व चकती लहान असल्याने त्या फार्सी लेखाचा तुकडाच तेवढा उमटे. टांकसाळ कोणती, कस किती, झीज किती, हे पोतदाराने पारखावे आणि त्याप्रमाणे बट्टा आकारावा, अशी वहिवाट होती. सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या बारीक खुणांमुळे कित्येक संग्राहक अशी नाणी नाकारतात. मला मात्र त्या खुणा एखाद्या जीर्ण सनदेवरील शेऱ्यांसारख्या वाटतात.

१८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून तो ‘कलदार’. आणि सोनाराच्या काट्यावर तोच वजनाच्या जागी बसल्यामुळे ‘रुपयाभार’ हा शब्द भाषेत स्थिरावला. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यावर १८६२ हेच साल १८७४पर्यंत कायम राहिले. मुंबई टांकसाळीने त्यावर घातलेली सूक्ष्म टिंबे ही प्रत्यक्ष वर्षांची गणना होय, असे अभ्यासक मानतात. भिंग घेऊन ती टिंबे मोजीत बसण्यात संपूर्ण दुपार गेल्याचे ज्यांना दुःख होत नाही, त्यांनीच या नादाला लागावे.

१९११चा पंचम जॉर्जचा रुपया तर एका हत्तीने बुडविला. राजाच्या अंगावरील मानचिन्हांत असलेल्या या इवल्याशा हत्तीची सोंड आखूड पडल्याने तो डुकरासारखा भासू लागला, लोकांत कुजबुज झाली, आणि सरकारने रुपये परत घेऊन वितळविले; १९१२च्या ठशात सोंड सुधारून आली. पहिल्या महायुद्धात नोटा देऊन रोकड चांदी मागणाऱ्या रयतेची गर्दी एवढी वाढली, की १९१८च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने वितळविलेल्या २७ कोटी डॉलर-नाण्यांपैकी बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठीच विकली गेली. तेव्हा आपल्या आजीच्या रुपयात कोण्या अमेरिकन नाण्याचा अंश असणे अशक्य नाही! १९४०पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७च्या रुपयात ती मुळीच उरली नाही. जुन्या कसाचा अखेरचा, १९३९चा रुपया आज दुर्मीळ आहे. साहजिकच १९३८चा आकडा कोरून तो ‘घडविणारे’ कलावंतही आहेत.

सराफांनी पाडलेले लक्ष्मीछाप शिक्के आणि रामटंका हे निराळे प्रकरण. त्यांना राजाज्ञा नाही, केवळ चांदी आणि श्रद्धा. रामटंक्यांवरील सालांवर तर विश्वास ठेवूच नये. असंभाव्य साल घातलेले तुकडे यात्रेच्या ठिकाणी सर्रास मिळतात. याउलट मुंबईच्या टांकसाळीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाडलेल्या, ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेझा हिच्या थालर या चांदीच्या नाण्यावर १७८० साल असूनही तो लबाडी नव्हे. तांबड्या समुद्राच्या परिसरातील व्यापारी तेच साल पाहून नाणे स्वीकारीत.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी, सराफाच्या पेढीवर, कोणी बाई हमेल मोडावयास घेऊन आली होती. माळेत नऊ रुपये होते, प्रत्येकाला कडी जोडलेली; त्यांतील एक १८४०चा असावा, असे मला दुरून वाटले. सराफाने माळ काट्यावर टाकली, कड्यांचे वजन वजा केले आणि हिशेब पुढे सरकविला. मी तो एक रुपया मागेपर्यंत मुशीखाली निखारे फुलले होते.