जुन्या गाडीचा एसी : पाना घरी चालेल, गॅस नाही

मे महिन्यात ढोकीच्या रस्त्यावर दुपारी बारानंतर माणूस क्वचितच दिसतो. धाराशिव जिल्ह्यात या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीची तर भट्टीच होते. वडिलांची अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी हौसेने जपणाऱ्या माणसाला या दिवसांत हटकून आठवतो तो कित्येक वर्षे बंद पडलेला एसी. इंजिनाचे काम गावातला मेकॅनिक करतो. एसीचे सुटे भाग आता घरपोच मिळतात. मग कॉम्प्रेसर दारातच बदलला तर काय बिघडले? चार नटच तर खोलायचे!

नट खोलणे अवघड नाही. प्रश्न आहे तो नटांमागे कोंडलेल्या गॅसचा.

माठाचेच विज्ञान

माठातले पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता ओढून घेते, म्हणून माठ गार राहतो. गाडीच्या एसीत हेच घडते. फक्त पाण्याऐवजी उणे २५ ते ३० अंशांनाच उकळणारा द्रव वापरतात आणि तो वाया न घालवता पुन्हा पुन्हा फिरवतात. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि आतली हवा थंड होते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, पुढच्या जाळीजवळचा कंडेन्सर उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव करतो. वाटेतला ड्रायर ओलावा शोषतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह द्रव मोजून आत सोडतो.

हे सारे दाबाखाली चालते. टायरमध्ये हवेचा दाब साधारण ३० पीएसआय असतो. एसीत गॅस भरलेला असेल, तर चाळीस अंश उष्णतेत इंजिन बंद असतानाही नळ्यांत सुमारे १३० पीएसआय दाब असतो. एसी चालू झाला, की कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला तो २०० च्याही वर जातो. अशा नळीचा नट अचानक सैल केला, तर उसळणारा द्रव कातडीवर पडताक्षणी उकळतो आणि ती जागा गोठवतो. भर उन्हाळ्यात हिमदंश! डोळ्यात गेला तर दृष्टीवरही बेतू शकते.

सुरक्षित वाटलेला गॅस

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गाड्यांच्या एसीत सर्रास आर-१२ हा गॅस असे. तो सीएफसी गटातला. अमेरिकी रसायनतज्ज्ञ थॉमस मिजली यांनी १९३० मध्ये तो सर्वांसमोर छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेट घेत नाही, असा त्याचा अर्थ. त्याआधी फ्रीजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे घातक वायू असत, त्यामुळे हा मोठाच दिलासा होता.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले, की हा गॅस वर जाऊन अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू नष्ट करू शकतो. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. १ जानेवारी २०१० पासून विकसनशील देशांतही सीएफसी बंद झाले. अपवाद फक्त दम्याच्या पंपांसारख्या मोजक्या औषधी वापराचा.

त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धक्का नाही. पण वजनास वजन धरले, तर तो हवामान कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापवतो. एका गाडीतला ७०० ग्रॅम गॅस हवेत सोडणे म्हणजे साधारण ४३० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे. आर-१२ चा परिणाम याच्या सात-आठ पट.

घरी काय, बाहेर काय

पहिले काम म्हणजे गाडीत कोणता गॅस आहे हे ओळखणे. आर-१२ च्या तोट्यांना बाहेरून आटे असतात, तर आर-१३४ए च्या तोट्या खटक्याने बसणाऱ्या जोडाच्या. उरलेला गॅस काढून घेण्याचे यंत्र लातूर, बार्शी किंवा सोलापूरच्या कोणत्या एसी वर्कशॉपमध्ये आहे, हे आधी फोन करून विचारावे. एसी बंद असला, तरी गॅस संपला असे गृहीत धरू नये. गेजवर दाब शून्य दिसल्याशिवाय नटाला हात लावू नये.

त्यानंतरचे काम सवयीच्या हाताला घरी जमते : कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा बदलणे. गॅस बदलणार असेल, तर जुने खनिज तेल काढून टाकावे लागते. ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि नवा कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. नव्या गॅसचे रेणू लहान असतात, त्यामुळे जुन्या रबरी नळ्यांतून ते झिरपतात. नळ्याही बदललेल्या बऱ्या. ड्रायरचे बूच अगदी शेवटी काढावे, नाहीतर तो हवेतलाच ओलावा पिऊन बसतो.

शेवटचे काम पुन्हा वर्कशॉपचे. आत ओलावा राहिला, तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ अडकतो आणि आम्ल तयार होऊन धातू खाते. व्हॅक्यूम पंपाने दाब इतका उतरवतात, की ओलावा साध्या तापमानालाच उकळून निघून जातो. मग गॅस वजन करून भरतात. बदललेल्या एसीत तो मूळ मापापेक्षा थोडा कमीच लागतो. चालू एसीच्या जास्त दाबाच्या बाजूला घरी डबा जोडला, तर गॅस उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटू शकतो.

शेडमध्ये नको, ज्योत नको

हे गॅस हवेपेक्षा जड असतात. बंद शेडमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात ते साचतात, तिथला प्राणवायू कमी होतो आणि प्रमाण फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जवळ वेल्डिंग किंवा ज्योत असेल, तर गॅस जळून घातक वायू बनतात. आर-१२ पासून बनणाऱ्या अशा वायूंत फॉस्जीनही असतो. पहिल्या महायुद्धात तो विषारी वायू म्हणून वापरला गेला होता.

आणखी एक मोह घरगुती सिलिंडरचा. एलपीजीनेही गारवा येतो, हे खरे. पण कूलिंग कॉइलला गळती लागली, तर तो थेट प्रवाशांच्या पायाशी साचतो आणि मग एक ठिणगी पुरते.

हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. कातडी गोठली तर न चोळता कोमट पाण्यात धरावी. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन तडक डॉक्टर गाठावा. गॅस काढायला एक आणि भरायला एक, अशा वर्कशॉपच्या दोन खेपा झाल्या, की मधले सारे काम निंबाच्या सावलीत निवांत करता येते.