वाहनचालक अनुज्ञप्ती आणि नागरिकत्व

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कफ परेडच्या उंच इमारतींच्या सावलीत मच्छीमार नगर ही कोळी बांधवांची वसाहत आहे. येथील तरुणास समुद्रावर होडी आणि रस्त्यावर मासळीचा टेम्पो, अशी दोन्ही वाहने चालवावी लागतात. टेम्पोसाठी त्याने ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज करावयाचा असतो. ही अनुज्ञप्ती, म्हणजे बोलीतले ‘लायसन’, मिळण्यास भारतीय नागरिकत्व सिद्ध करावे लागते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. या समजापायी अर्ज अडला, तर अर्जदाराची रोजीरोटीच अडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ३ ‘व्यक्ती’विषयी बोलते, नागरिकाविषयी नव्हे. कलम ४ वयाची अट घालते : सर्वसाधारण वाहनास १८ वर्षे, परिवहन वाहनास २० वर्षे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४ पत्ता आणि वय यांचा पुरावा मागतो. परदेशी व्यक्तीही येथे अनुज्ञप्ती मिळवू शकते. मात्र तिने निवासाच्या पुराव्याबरोबरच भारतातील आपले वास्तव्य कायदेशीर असल्याचे दाखवावे लागते. रस्त्यावरील इतरांच्या जिवाची काळजी हा या कायद्याचा हेतू असल्याने त्याने चालकाचे वय, दृष्टी व कौशल्य पाहावे, हे योग्यच आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. जे कागद नागरिकत्व न पाहता दिले जातात, ते नागरिकत्वाचा पुरावा ठरू शकत नाहीत. आधारविषयक २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये तर, आधार क्रमांक हा स्वतः नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नाही, असे स्पष्टच नमूद आहे.

घोटाळा वाढतो तो ‘परवाना’ या शब्दाने. वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती निराळी आणि रिक्षा वा टॅक्सी भाड्याने चालविण्याचा परवाना निराळा. या दुसऱ्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली व तिची बरीच चर्चाही झाली. पण ती राज्यातील वास्तव्याची अट आहे. भारतात नागरिकत्व एकच. राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही.

समुद्रावर मात्र नागरिकत्वाचा प्रश्न थेट येतो. परकीय जहाजांच्या मासेमारीचे नियमन करणाऱ्या १९८१ च्या केंद्रीय अधिनियमात नौका भारतीय की परकीय, हे तिच्या मालकीवरून ठरते. मालक एखादी व्यक्ती असेल, तर ती भारताची नागरिक असावी लागते. म्हणजे तेथेही कसोटी मालकाची आहे, सुकाणू धरणाऱ्याच्या कौशल्याची नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून याच मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्याजवळ भारतीय नावांची बनावट ओळखपत्रे होती. त्यानंतर केंद्र शासनाने किनारी राज्यांतील मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना हाती घेतली. समुद्रात जाणारा माणूस कोण, हे पडताळण्यासाठी ती आहेत. टेम्पोच्या अनुज्ञप्तीकडून त्या कामाची अपेक्षा करणे चुकीचे ठरेल.

ग्रामीण भागात हा प्रश्न दाखल्यांच्या रूपाने येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना असतो; अनुज्ञप्तीच्या कामी मात्र त्या दाखल्यातील जन्मतारीख उपयोगी पडते. रहिवासाच्या दाखल्यात ‘हा इसम भारताचा नागरिक आहे’ असे वाक्य घालण्याचा मोह काही ठिकाणी होतो. नागरिकत्व अधिनियम, १९५५ खाली नोंदणीने वा देशीयकरणाने नागरिकत्व देण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. ग्रामपंचायतीकडे तसा अधिकार नाही. अर्जदार गावात कोठे आणि किती काळापासून राहतो, एवढेच दाखल्यात लिहावे. परिवहन कार्यालयाला पत्त्यासाठी तेवढ्याच माहितीची गरज असते.