शासकीय खरेदीतील ‘स्वीकृती’

नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला. नाशिक रोडचे प्रतिभूती मुद्रणालय त्याहूनही जुने. अशा सरकारी ग्राहकांना माल विकू पाहणाऱ्या सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकास तांत्रिक लिफाफा, दर लिफाफा, बयाणा रक्कम हे निविदेतील शब्द लवकर उमगतात. तांत्रिक लिफाफ्यात अपात्र ठरलेल्याचा दर उघडलाच जात नाही, एवढे कळले म्हणजे पुरे. खरी मेख आहे ती ‘स्वीकृती’ या शब्दात. माल तपासणीत उतरला म्हणजे स्वीकारला गेला, असा व्यवहारातला समज. आणि तपासणी तर कितीही लांबू शकते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम विकास अधिनियम, २००६ याने मात्र हा अर्थ बांधून टाकला आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस होय. हरकत घेतल्यास, पुरवठादार तिचे निवारण करील तो. करारात कितीही लांबची मुदत घातलेली असो, सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे देणे त्या दिवसापासून ४५ दिवसांत फेडावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज चढते. तोंडी तक्रारीने ही गणना थांबत नाही. डिलिव्हरी चलनावरील तारखेसह घेतलेली सही किरकोळ दिसते खरी; पण पुढे वाद उपस्थित झाल्यास पहिला दिवस कोणता, हे तिच्यावरूनच दाखविता येते.