यावलचं रान: बोडका डोंगर, हिरव्या घळी

सातपुडा बघायचा तो श्रावणात, असं खानदेशात कुणीही सांगेल. मनुदेवीचा धबधबा, पालचा हिरवा घाट, मोटारसायकलींच्या रांगा आणि कांदाभजी. मी उलटं सांगेन. एप्रिलात जा. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असतो आणि लांबून डोंगर भाजलेल्या वांग्यासारखा दिसतो, तेव्हा.

भुसावळहून पहाटेच निघावं. १९३६ साली जिथं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं ते फैजपूर, मग खिरोदा, मग पाल. खिरोद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीच केळी, म्हणजे इथल्या लेवा बोलीत 'केयी'. पुढं मात्र पाटी पुसावी तशी हिरवाई संपते. जमीन गोट्यांची होते आणि नदीचं पात्र रुंद, कोरडं. हा बझाडा पट्टा. सातपुड्यातून धावत आलेल्या नद्यांनी पायथ्याशी दम टाकताना सोडलेले दगड, गोटे, वाळू यांचा हा थर. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि जमिनीखालून तापीकडं सरकत यावल-रावेरच्या विहिरींना मिळतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या घडाचं पाणी या ओसाड गोट्यांतून आलेलं असतं, हे मात्र बाजारात कुणी सांगत नाही. उपसा मुरण्यापेक्षा जास्त झाला आणि बोअर शेकडो फूट खाली गेले, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

सुकी नदीवरचं गारबर्डी धरण मागं टाकलं की रान सुरू होतं. यावल अभयारण्य १९६९ सालचं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. पलीकडं मध्य प्रदेश. नकाशावर हा एकच हिरवा ठिपका. पायी फिरलं की चार-पाच वेगवेगळी रानं निघतात.

उताराच्या खडकावर सालई. कागदासारखी साल सुटलेली, अंगावर पान नाही. तिच्या शेजारी कहांडोळ, पांढरंफटक, संध्याकाळी एकट्यानं बघितलं तर दचकायला होतं. दोन्ही झाडं डिंकाची. जरा माती मिळाली की साग आणि धावडा. पण या डोंगराचा खरा मालक अंजन. ज्या कातळाच्या भेगेत गवतही धरत नाही तिथं तो मूळ घालतो. लाकूड इतकं जड आणि कठीण की कुऱ्हाडीची धार जाते. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, पण छोटं. ऐन एप्रिलात, बाकीचं रान उघडं असताना, अंजनाला तांबूस कोवळी पालवी फुटते. मे महिन्यात गुरांना हिरवं म्हणून जे काही मिळतं त्यात या पाल्याचा वाटा मोठा.

आणि मग घळी. वर तापलेला दगड आणि पन्नास पावलं खाली उतरलात की उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा, बांबूची बेटं. पात्रात कुठंतरी एखादं डबकं उरलेलं, त्याच्या कडेला सांबराचे खूर उमटलेले. स्वर्गीय नर्तक पांढरी शेपटी ओढत इथंच दिसतो. हवा दोन-चार अंशांनी उतरल्याचं कातडीला कळतं. सगळं रान मे महिना या घळींच्या भरवशावर काढतं. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, त्यामुळं हा फरक डोळ्याला दिसतच नाही. माझा एप्रिलचा हट्ट त्यासाठी.

वाघ बघायला येणाऱ्यानं इथं येऊ नये. बिबट्या, अस्वल, नीलगाय आहेत, पण जिप्सी आणि हमखास दर्शन असला मामला नाही. इथं यायचं ते एका वीतभर पक्ष्यासाठी. रानपिंगळा. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमनं १८७३ साली त्याचं वर्णन केलं. खानदेशातले इंग्रज अधिकारी डेव्हिडसन यांनी १८८४ साली मिळवलेल्या नमुन्यानंतर तो गडपच झाला. मधला १९१४ सालचा एक नमुना मायनर्टझहागन या गृहस्थानं चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. ती लबाडी उघड करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी डेव्हिडसनच्या जुन्या नोंदींचा माग धरला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार पुढच्या वर्षी वेगळा झाला. यावलच्या सागरानातही तो आहे.

त्याला शोधायला रात्र जागावी लागत नाही. हा घुबडाचा भाऊबंद दिवसाउजेडी निष्पर्ण फांदीवर बसून सरडे टिपतो आणि शेपटी डावी-उजवी हलवतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं, पोट पांढरं. विरळ, सुकं रान त्याला मानवतं. आपण ज्याला 'उजाड' म्हणून नाक मुरडतो तेच.

जामन्या, लंगडाआंबा ही पावरा-बारेला आदिवासी वस्त्यांची गावं रानातच आहेत. मोहाची फुलं, तेंदूपत्ता, डिंक हा त्यांचा उन्हाळा. अतिक्रमणानं आणि सागाच्या चोरट्या तोडीनं या रानाचे लचके तोडले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सगळं खापर पावऱ्यांच्या माथी फोडणाऱ्यांनी चोरलेला साग कुणाच्या दिवाणखान्यात गेला तेही विचारावं.

वेळ असेल तर पश्चिमेला शिरपूर तालुक्यातलं अनेर धरणाचं अभयारण्य जोडून करा. परतताना बामणोदचं भरीत आणि कळण्याची भाकरी.

वनखात्याची परवानगी आधी घ्या. माणशी चार लिटर पाणी बरोबर असू द्या आणि दहाच्या आत सावली गाठा. रानपिंगळा दिसला नाही तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. एप्रिलात त्याच्या ढोलीत पिल्लं असू शकतात.