पाऊणपट पान

मरोळ, कोंडिविटे, मोगरा, आंबोली ही अंधेरीच्या आसपासची गावं एके काळी भाताची होती. खाडीलगतची जमीन खारी, आतली गोडी, आणि दोन्हींकडचं बियाणं वेगळं. १९५० मध्ये अंधेरी बृहन्मुंबईत आली, मरोळला औद्योगिक वसाहत झाली, १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. खाचरं बुजत गेली. नेमक्या याच दशकांत शेतीशास्त्र भाताचं पान नीट मोजायला शिकत होतं.

सुरुवात मक्यापासून झाली. १९११ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात माँटगोमेरी यांनी दाखवलं की पानाची लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी यांचा गुणाकार करून त्याचा पाऊण भाग, म्हणजे ०.७५, घेतला की पर्णक्षेत्र मिळतं. पुढे १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या वॉटसन यांनी पर्णक्षेत्र निर्देशांक मांडला: एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पान उभं आहे, याचा आकडा. तेव्हापासून पान मोजणं हा पिकाचा हिशोब झाला.

भातात या हिशोबाला धार आली ती १९६६ नंतर. त्या वर्षी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर-८ हा बुटका, ताठ पानांचा वाण दिला. जुन्या उंच वाणांची लांब, लोळणारी पानं खालच्या पानांवर सावली धरत. ताठ पानांतून ऊन तळापर्यंत पोचतं. मग कुठल्या वाणाला किती पान पेलतं, हे मोजणं भागच होतं. त्याच संस्थेतल्या पालनिस्वामी आणि क्वांचाय गोमेझ यांनी १९७४ मध्ये लांबी-रुंदीच्या पद्धतीवर लेख लिहिला. १९७६ मध्ये योशिदा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगपुस्तिकेत ती पद्धत आली. गुणाकाराला लावायचा गुणांक रोपावस्था आणि पक्वता सोडून ०.७५, त्या दोन वेळी ०.६७. कारण बहुधा असं: रोपाचं पान टोकाकडे लवकर निमुळतं होतं, आणि पिकल्यावर शेंडा वाळून हिरवा भाग घटतो.

आकडे घालून पाहू. पान ४० सेंटिमीटर लांब, १.२ रुंद: गुणाकार ४८, पाऊणपट ३६ चौरस सेंटिमीटर. चुडाला दहा फुटवे, प्रत्येकी अशी चार पानं धरली तर १४४० चौरस सेंटिमीटर. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावणी असेल तर चुडाला जमीन ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणून निर्देशांक ४.८. आता त्या वाणाचा खरा गुणांक ०.७० असेल, तर तोच निर्देशांक ४.५ च्या आसपास येतो. भाताला फुलोऱ्याच्या सुमारास पाच-सहा हवा असं मानतात, तिथे हा फरक किरकोळ नाही. दोन वाणांची तुलना करताना तर एकाचा गुणांक दुसऱ्याला लावणं मला चुकीचंच वाटतं.

कोकणात हे प्रकर्षानं लागू पडतं. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ चं, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. इथे वाणांचे प्रकारच किती: लवकर येणारे हळवे, मधले निमगरवे, उशिरा येणारे गरवे. कोलम, झिणी, पटणी, खाऱ्या जमिनीतला राता, आणि कर्जत-१८४ सारखे सुधारित वाण. एवढ्या प्रकारांची पाती एकाच साच्यात बसवायची कशी?

पुढे पान सरकवून मोजणारी विद्युत यंत्रं आली, आता मोबाईलवर फोटो काढून क्षेत्र काढता येतं. तरीही लांबी-रुंदी मोजणारी पट्टी टिकली, आणि तिचं मोठेपण मला एका गोष्टीत दिसतं: पान तोडावं लागत नाही. आज मोजलेलं तेच पान पुढच्या आठवड्यात, पोटरीत आल्यावर, लोंबी निसवल्यावर पुन्हा मोजता येतं. तोडलेल्या पानाला ही वाढ सांगता येत नाही.

अंधेरीजवळच्या आरे वसाहतीतल्या काही पाड्यांवर पावसाळ्यात अजून भात होतं. अंधेरीच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शेतकऱ्याला विचारून तिथल्या वाणाची पन्नासेक पाती घ्यावीत, लहानमोठी, वरची-खालची अशी मिसळून. आलेखकागदावर कडा आखून चौकोन मोजावेत, त्या क्षेत्राला लांबी-रुंदीच्या गुणाकारानं भागावं. येणारी सरासरी हा त्या वाणाचा स्वतःचा गुणांक. तो बियाण्याच्या नावासोबत नोंदवून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी उभ्या पिकात नुसती पट्टी पुरेल.