अश्वारोहण: उपचार आणि पथ्य

१९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळविले. १९४४ मध्ये पोलिओने त्यांचे पाय गुडघ्याखाली निकामी केले होते. घोड्यावर चढण्याउतरण्यास त्यांना दुसऱ्याचा हात लागे. त्यांच्या यशाने अश्वारोहणाकडे उपचार म्हणून पाहण्यास चालना मिळाली. १९६९ मध्ये ब्रिटन व उत्तर अमेरिका येथे त्यासाठी संस्थाही स्थापन झाल्या.

या उपचाराचे मर्म घोड्याच्या चालीत आहे. घोडा चालू लागला, की स्वाराची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे हलते आणि किंचित वळते. माणूस स्वतः चालतो तेव्हाही असेच घडते. ज्याला चालता येत नाही, त्याच्या शरीराला चालण्याची लय कळते ती अशी. परंतु जी हालचाल एकाला गुणकारी, तीच दुसऱ्याला घातक ठरू शकते. म्हणूनच घोड्याआधी डॉक्टरांची गाठ घ्यावी लागते.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. मानेला हिसका बसला, तर मज्जारज्जूस इजा पोहोचण्याचा संभव असतो. बाहेरून मूल हसतेखेळते दिसले तरी तपासणी टाळून चालत नाही. आटोक्यात न आलेली फेफरी, निखळलेला खुबा, सहज मोडणारी हाडे, बैठकीच्या जागी चिघळलेली जखम, हीदेखील थांबण्याचीच कारणे होत. स्वाराचे वजनही घोड्याला पेलले पाहिजे.

परवानगी मिळाल्यावरही शिस्त सुटत नाही. डोक्यावर शिरस्त्राण, घोड्याला धरून चालणारा एक मदतनीस, गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना एकेक सोबती, चढण्यासाठी उतरंडीचा चौथरा आणि पडताना पाय मोकळा सुटेल अशी रिकीब, अशी व्यवस्था असते. मूल पडू नये म्हणून त्याला खोगिराला बांधावे, असे आईबापांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण ते कटाक्षाने टाळतात. घोडा कोसळला, तर बांधलेला स्वार त्याच्याखाली सापडेल.

मोठ्या आशेने मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना नकार जिव्हारी लागतो. परंतु जखम भरली, फेफरी आटोक्यात आली, म्हणजे पुन्हा विचार होऊ शकतो. मानेचा सांधा सैल असेल, तर मात्र दुसरा उपचार शोधणे हेच मुलाच्या हिताचे असते.